हुंकार कोण देतंय

कॉलेजच्या मराठी विभागाचा टेपरेकॉर्डर मिळवणं हे एक प्रकरणच होतं. तो कपाटात असायचा, कपाटाची किल्ली शिपायाकडे असायची आणि शिपाई चहाला गेलेला असायचा. त्या शनिवारी पद्मजा गुळवणी सकाळचे तास शिकवून विभागात आली, कपाटासमोर खुर्ची ओढून बसली आणि शिपाई येईपर्यंत जागची हलली नाही. तिला वाट बघण्याची सवय होती. घरी जाऊन तरी तिला दुसरं काय करायचं होतं?

१९७७ सालचा फेब्रुवारी महिना. पद्मजाचा विषय होता बायकांच्या तोंडी असलेल्या लोककथा. चार वर्षं ती सुट्टीच्या दिवशी एस.टी.ने खेडी पालथी घालत होती. हातकणंगल्यापासून गडहिंग्लजपर्यंत तिने कुठल्या कुठल्या ओसरी-सोप्यांत बसून गोष्टी ऐकल्या होत्या आणि त्या टेपवरून उतरवून घेतल्या होत्या. जूनपर्यंत प्रबंध द्यायचा होता. एकच प्रकरण अडलं होतं. एकट्या बाईची एक गोष्ट आहे, असं तिला तीन-चार गावांत सांगितलं गेलं, पण सांगायला कुणी तयार होईना. ‘ती बिद्रीकडच्या चिमणाबाईला येती, तिलाच इचारा,’ एवढंच सगळ्या म्हणायच्या. दुसऱ्या कुठल्याही संग्रहात ती गोष्ट नव्हती. ती मिळाली असती तर प्रबंधाला अर्थ होता. नाहीतर चार वर्षांची मेहनत म्हणजे इतरांनी आधीच छापलेल्या गोष्टींची आणखी एक चळत.

तिचे मार्गदर्शक दत्तोपंत सर निवृत्त झाले होते, पण त्यांचा दरारा निवृत्त झाला नव्हता. त्यांना पाठ शुद्ध लागायचा. आणि इथेच अडचण होती हुंकाराची.

गावाकडे गोष्ट सांगायची तर ऐकणाऱ्यांपैकी एकाला हुंकार द्यावा लागतो. सांगणारी एक वाक्य बोलली की तो ‘हूं’ म्हणतो, ती थांबली की ‘मग?’ म्हणतो. हुंकाराशिवाय कुणी गोष्ट सुरू करत नाही आणि हुंकार थांबला की पुढे सांगत नाही. पद्मजाच्या सगळ्या टेपा या हुंकारांनी भरलेल्या होत्या. कुणाला सर्दी झालेली, कुणी तंबाखू धरून हूं करणारा, कुणी ऐन राक्षसाच्या वेळी जांभई देणारा. दत्तोपंतांनी दोन टेपा ऐकल्या आणि चष्मा काढून ठेवला.

“बाई, हे सगळं काढा. हुंकार हा काही कथेचा भाग नव्हे. आपल्याला कथा हवी आहे, गोठा नको.”

“पण सर, त्यांची पद्धतच ती आहे.”

“पद्धत त्यांची. पाठ आपला. पुढच्या वेळी कुणालाही जवळ बसू देऊ नका, आणि तुम्हीही गप्प बसा. आणि हो, पदरचा एक शब्द कथेत घालायचा नाही. तो अपराध आहे.”

पद्मजाला दोन्ही गोष्टी पटल्या. शिस्त तिला आवडायची. आई अंथरुणाला खिळलेली असताना सात वर्षं तिने औषधं, आंघोळी, जेवण सगळं शिस्तीने केलं होतं. आई शेवटी शेवटी काही बोलायची नाही. पद्मजा काय म्हणेल त्याला नुसतं ‘हूं’ म्हणायची. तेवढं पुरायचं. आईला जाऊन दोन वर्षं झाली, तरी मंगळवार पेठेतल्या त्या माडीवरच्या दोन खोल्यांत पद्मजा अजून दोन कप चहाचंच आधण ठेवायची. एक प्यायची, दुसरा झाकून ठेवायची आणि नंतर तो गार झाला की तोही स्वतःच संपवायची. सवय मोडायला कुणीतरी टोकणारं लागतं, आणि तिला टोकणारं कुणी नव्हतं.

*

त्याच दिवशी गारगोटीच्या एस.टी.ने ती बिद्रीच्या अलीकडे उतरली. कारखान्याचा हंगाम जोरात होता. उसाने लादलेल्या बैलगाड्यांची रांग लागली होती आणि मळीचा आंबूस वास थेट नाकात बसत होता. तोडलेल्या उसाच्या फडातून चालत ती चिमणाबाईच्या वाडीवर पोचली तेव्हा दुपार कलली होती.

चिमणाबाई सोप्यात जात्याजवळ बसली होती. सत्तरीपलीकडची, सुकलेली, पण नजर लख्ख. तिची सून बयाबाई वैरणीला निघाली होती. तिने पद्मजासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

“बसा की पावणं. आत्ती सांगत्यात. आमी येतो वैरण घिऊन.”

ती गेली आणि घरात दोघीच राहिल्या. पद्मजाला हेच हवं होतं. तिने टेपरेकॉर्डर उंबऱ्याशेजारी ठेवला, कॅसेट लावली. चिमणाबाई त्या यंत्राकडे बघत नव्हती. ती इकडेतिकडे बघत होती.

“हुंकार कोण देनार?”

“आज हुंकार नको, आजी. या टेपवर तुमचा एकटीचाच आवाज यायला हवा. मी मान हलवीन, पण तोंडाने बोलणार नाही.”

“म्हंजी मी भिताडाला सांगू व्हय?”

“मला सांगा. मी समोर आहे ना.”

“समूर असून काय उपेग? माणसानं हूं म्हणावं लागतंय. न्हाईतर ती जागा मोकळी ऱ्हाती.”

“राहू दे की मोकळी.”

म्हातारीने नकाराची मान हलवली. मग पद्मजाने याचं पुस्तक होणार असं सांगितलं, तुमचं नाव छापून येईल म्हणाली, लांबून आले म्हणाली. शेवटी खेड्यातल्या माणसाला दारी आलेल्याला नाही म्हणवत नाही, आणि शहरातल्या माणसाला हे पक्कं ठाऊक असतं. चिमणाबाईने पदर सावरला आणि सुरुवात केली.

“एक बाई हुती. गावाभाईर वड्याच्या कडंला तिचं घर. दाल्ला तिचा, घरचा धनी, मेंढरं घिऊन गेल्ता, त्यो काय माघारी आला न्हाय. बाई दिस मावळताना दोन भाकरी थापायची. एक आपली, एक त्येची. आपली खायाची, त्येची झाकून ठेवायची. सकाळी ती भाकरी तशीच असायची. मग ती कुत्र्याला घालायची.”

पद्मजाने मान हलवली. म्हातारी अडखळत होती. प्रत्येक वाक्यानंतर थांबायची, वाट बघायची, काही आलं नाही की नाइलाजाने पुढे जायची. पायरी नसलेल्या जागी पाय पडावा तसं तिचं होत होतं. पद्मजाला वाईट वाटलं, पण टेप फिरत होती.

“एक दिवशी सकाळी बगती, तर भाकरी न्हाय. मांजरानं खाल्ली म्हणली. दुसऱ्या दिवशी वर पाटा ठेवला. पाटा तसाच, भाकरी न्हाय. तिसऱ्या दिवशी दाराला आतनं कडी घाटली. कडी तशीच, भाकरी न्हाय. मग बाईला उमगलं. खानारं भायनं येत न्हाय. ते घरातच हाय.”

इथपासून म्हातारीचा सूर लागला. वाक्य संपलं की ती नेमकी श्वासभर थांबायची आणि मग समाधानाने पुढचं वाक्य उचलायची. अडखळणं गेलं. पद्मजाला आनंद झाला. सरांना सांगता येईल, हुंकाराशिवायही चालतं.

“बाई भ्याली न्हाय. तिला बरं वाटलं. येवढ्या दिसांत कुनीतरी तिच्या हातचं खाल्लं. ती त्येच्यासंगं बोलाय लागली. दिसभर काय काय झालं ते सांगाय लागली. ऐकता ऐकता ते तिच्यावानी बोलाय शिकलं. तिच्यावानी केस इंचराय शिकलं. एक दिस बाई पान्याला गेली. माघारी येती, तर दार आतनं लावल्यालं. आत कोणतरी भाकरी थापतंय. बाईनं कडी वाजवली. थापायचा आवाज थांबला. आतनं कोणतरी उठलं...”

चिमणाबाई थांबली. श्वासभर थांबली, आणि मग थांबूनच राहिली. ती पद्मजाच्या खांद्यावरून मागे, कणगीच्या कोपऱ्याकडे बघत होती.

“हुंकार कोण देतंय?” ती म्हणाली.

“कुणी नाही. मी तर गप्प आहे, आजी.”

“तुमी गप्प हायसा, ते दिसतंय मला.”

पद्मजाने वळून पाहिलं. कणगी होती, कणगीवर एक जुनं पोतं होतं. कोपऱ्यात ऊन पोचत नव्हतं, एवढंच.

“पुढे सांगा ना. दार कोण उघडतं?”

“न्हाय सांगत.”

“आजी, एवढंच राहिलंय. माझं सगळं काम या शेवटावर अडलंय.”

“हुंकार देनाऱ्याला गोष्ट संपस्तवर उठाय येत न्हाय, बाई. आन मला त्येला शेवट ऐकवायचा न्हाय.” एवढं बोलून तिने पदराचा बोळा तोंडावर धरला. बयाबाई वैरणीचा भारा घेऊन आली तरी तिने तो काढला नाही. लांबून कारखान्याचा भोंगा ऐकू आला. पद्मजाने टेप बंद केली, चहा नको म्हणाली आणि फडातून परत चालू लागली. म्हातारीचा तिला राग आला होता, आणि रागाच्या खाली आपण काहीतरी मोडून ठेवलं अशी चुटपुटही होती. ढेकळांतून चालताना तिच्या मनात दोनदा येऊन गेलं की मागून कुणी चालतंय. पण उसाचा पाला वाऱ्याने वाजतच असतो.

*

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर ती टेप उतरवायला बसली. खाली रस्त्यावर पोरं लगोरी खेळत होती. घरमालकीण विमलाकाकू अंगणात सांडगे घालत होत्या. अशा दुपारी भिण्यासारखं काही नसतं.

सुरुवातीचा भाग जसा आठवत होता तसाच होता. म्हातारीचं अडखळणं, मधली रिकामी जागा, लांब कुठेतरी बैलाच्या घुंगरांचा आवाज. मग ते वाक्य आलं. ते घरातच हाय.

आणि त्यामागे कुणीतरी म्हणालं, “हूं.”

पद्मजाने टेप मागे नेली आणि पुन्हा लावली. पुन्हा तेच. मोठा आवाज नव्हता, पुटपुटणंही नव्हतं. लक्ष देऊन ऐकणारं माणूस म्हणतं तसा साधा, नीट हुंकार. पुढच्या वाक्याला पुन्हा आला. त्याच्या पुढच्यालाही. चिमणाबाई श्वासभर थांबत होती ती याच्यासाठी. आणि शेवटी, आतनं कोणतरी उठलं, याच्यानंतर अगदी जवळून, जणू यंत्राला तोंड लावून, तो आवाज म्हणाला, “मग?”

ती तर्काने चालणारी बाई होती. कॅसेट विभागाची, जुनी. त्यावर आधी कुणाची तरी मुलाखत असेल, तिचे अवशेष राहिले असतील. नाहीतर बयाबाई मागल्या दाराशी थांबली असेल. तिने ही कारणं मनातल्या मनात नीट मांडली. तरी दुसऱ्या दिवशी टेपरेकॉर्डर घेऊन ती दत्तोपंतांकडे गेली.

सरांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि चिडले.

“मी स्पष्ट सांगितलं होतं, हुंकार नको. तरी तुम्ही दिलात.”

“मी नाही दिला, सर. मी एक शब्द बोलले नाही.”

“बाई, हा तुमचा आवाज आहे.”

“माझा?”

“स्वतःचा आवाज टेपवर कुणालाच ओळखू येत नाही. मलाही पहिल्यांदा आला नव्हता. ऐकता ऐकता नकळत तोंडातून गेला असेल. असो. शेवट मिळवा. शेवट नसेल तर ही कथा प्रबंधात घेता येणार नाही. आणि तर्काने जुळवून लिहू नका.”

वाटेत रंकाळ्याच्या कट्ट्यावर ती थोडा वेळ बसली. सरांचं म्हणणं पटण्यासारखं होतं. आपण गप्प होतो याची खात्री तिला शंभर टक्के होती, पण शंभर टक्के खात्रीची माणसंच चुकतात हेही तिला माहीत होतं. भेळेच्या गाडीवर बायका-पोरांची गर्दी होती. तिला कुणाशी तरी हे बोलावंसं वाटलं. कोणाकोणाची नावं आठवून पाहिली आणि उठली.

घरी आल्यावर तिने चप्पल काढली, पिशवी खुंटीला अडकवली आणि सवयीने, आई असताना म्हणायची तसं म्हणाली, “दमले बाई आज.”

“हूं,” आतल्या खोलीतून आलं.

ती तशीच आत डोकावली. आतल्या खोलीत आईची रिकामी कॉट होती, भिंतीशी घड्या घातलेली अंथरुणं होती. दुसरं काही नव्हतं. ती बराच वेळ दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मग स्टोव्ह पेटवला, दोन कप चहा केला. एक प्यायली, दुसरा झाकला. भांडी घासायला घेतली तेव्हा दुसरा कप रिकामा होता. आपणच प्यायलो असू, असं तिने ठरवून टाकलं.

*

पुढे काय झालं हे सांगायला सोपं आहे, कारण ते फार हळू झालं. हुंकार रोज येत नसे. आधी आठवड्यातून एकदा, मग दोनदा, मग रोज संध्याकाळी. पद्मजा म्हणायची, आज मुलांनी वर्गात फार गोंधळ घातला. हूं. म्हणायची, भाजी महाग झाली. हूं. पहिल्यांदा ती दिवा लावून बसायची, मग नुसतं दार उघडं ठेवायची, मग तेही सोडून दिलं. भीतीचीही सवय होते. ती आई असावी, असं तिने काही दिवस मानून पाहिलं. पण आईच्या हुंकारात थकवा होता. याच्यात थकवा नव्हता. हे सगळं लक्ष देऊन ऐकत होतं. गेल्या दोन वर्षांत इतकं लक्ष देऊन तिचं कुणी काही ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याआधीही.

तिचा चेहरा उजळला. विभागातल्या लोकांनी ते पाहिलं आणि आपापसांत काहीबाही अंदाज केले.

मार्च संपताना एकदा जिन्यात विमलाकाकू भेटल्या. “बहीण आलीय का हो तुमची?”

“नाही. का?”

“दोघींचं बोलणं ऐकू येतं ना संध्याकाळी. आवाज अगदी एकसारखे. मला कळतच नाही कुठली तुम्ही न् कुठली ती.”

“रेडिओ असेल,” पद्मजा म्हणाली आणि वर गेली. जिना चढताना तिच्या लक्षात आलं की काकू ‘बोलणं’ म्हणाल्या. हुंकाराला कुणी बोलणं म्हणत नाही.

त्या संध्याकाळी ती मुद्दाम काही बोलली नाही. पेपर तपासत बसली. दिवस मावळला. मग खोलीत, तिने काहीच सांगितलेलं नसताना, तिच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, “मग?”

*

एप्रिलमधल्या एका सुट्टीच्या दिवशी ती पुन्हा वाडीवर गेली. हंगाम संपला होता, रस्ता मोकळा होता. सोप्यात जात्याजवळ कुणी नव्हतं. बयाबाई बाहेर आली आणि पदराने डोळे पुसले. म्हातारी होळीच्या आधीच गेली होती. दुखलं नाही, खुपलं नाही, झोपेत गेली.

पद्मजाने चार शब्द बोलायचे ते बोलून घेतले आणि मग न राहवून विचारलंच. “बयाबाई, ती एकट्या बाईची गोष्ट तुम्ही ऐकलीय ना? तिचा शेवट काय?”

बयाबाईने आठवून पाहिलं. “ऐकलीया की, लई येळा. पर शेवट न्हाय बगा ठावा. बाई कडी वाजवती हितपातूरच.”

“का?”

“हुंकार देनारी आमी पोरं. तितपातूर समदी झोपल्याली असायची. हुंकार थांबला की आत्ती थांबायच्या. शेवटापातूर कोण जागलंच न्हाय.” मग ती जरा घुटमळली. “तुमच्यासाठनं एक निरोप हाय. तुमी येनार म्हनत हुत्या आत्ती. म्हनल्या, त्या बाईला सांग, गोष्ट पुरी करून टाक. माजं थांबनं चुकलं, तू काय बी दुसरा शेवट लाव, पर लाव. आन लौकर लाव.”

“काय बी?”

“आसंच म्हनल्या. पावसानं घर पडलं म्हन, न्हाईतर दाल्ला आला म्हन. संपव, म्हनल्या.”

परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसून पद्मजा त्यावर विचार करत राहिली. शेवट लावणं म्हणजे कथा बनवणं. पदरचा एक शब्दही घालायचा नाही, हा तिने चार वर्षं पाळलेला नियम होता. तिने स्वतःला सांगितलं की एका अडाणी समजुतीपायी आपण संशोधनाशी बेइमानी करणार नाही. ते वाक्य तिला फार आवडलं. दुसरं कारण मात्र तिने स्वतःलाही सांगितलं नाही. गोष्ट संपली असती तर ऐकणारं उठून गेलं असतं, आणि मग संध्याकाळी घरी येऊन ती कुणाला काय सांगणार होती?

म्हणून तिने मधला मार्ग काढला. रोज दिवेलागणीला ती ती गोष्ट खोलीला सांगू लागली, चिमणाबाईच्या शब्दांत, तशाच हेलात, एकही शब्द न बदलता. एक बाई हुती. हूं. गावाभाईर वड्याच्या कडंला तिचं घर. हूं. दाराशी पोचली की थांबायची. ‘मग?’ असं विचारलं जायचं. ‘मग उद्या,’ ती म्हणायची आणि स्टोव्ह पेटवायला उठायची. तिला वाटायचं, असं वर्षानुवर्षं चालेल.

पण हुंकार बदलत गेला. आधी तो वाक्याच्या नंतर यायचा. मग वाक्याच्या मध्येच येऊ लागला. मग तिच्या तोंडून शब्द निघायच्या आधी. एक दिवस ती सांगत असताना आवाज दोन होते. दुसरा आवाज तिच्याबरोबर तेच शब्द म्हणत होता, तोच हेल, तेच थांबणं. ती दचकून गप्प झाली. दुसरा आवाज एक वाक्य पुढे गेला आणि मग थांबला.

सकाळी तिच्या फणीत केस अडकलेले होते. तिने अजून केस विंचरलेलेच नव्हते.

त्या दिवशी तिला खरी भीती वाटली. कॉलेजात मन लागलं नाही. संध्याकाळी दत्तोपंतांकडे गेली, पण दारातूनच परतली, काय सांगणार? महाद्वार रोडच्या गर्दीतून चालता चालता तिने ठरवलं. प्रबंध गेला तरी चालेल, गोष्ट संपवायची. शेवटही तिने रचला, साधा, घरगुती. दार वाऱ्याने लागलं होतं. आत कुणी नव्हतं. बाईने दार ढकललं, आत गेली, आपली भाकरी खाल्ली आणि निजली. संपली गोष्ट. आयुष्यात पहिल्यांदाच ती पदरचं काही जोडत होती. ओठांतल्या ओठांत तिने ते पाठ केलं. एकटेपणा परत येणार होता. येऊ दे, ती म्हणाली. त्याला निदान आवाज नव्हता.

तिन्हीसांजेला ती घरी पोचली. जिना चढून वर आली, पिशवीतून किल्ली काढली.

दाराला कुलूप नव्हतं.

दार आतून लावलेलं होतं. फटीतून दिव्याचा उजेड येत होता आणि रॉकेलचा वास येत होता. स्टोव्ह पेटलेला होता.

तिने कडी वाजवली. हात तिचा होता, पण कडी वाजल्यावर तिला कळलं की आपण काय केलं.

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

“बाईनं कडी वाजवली,” आतून तिचाच आवाज म्हणाला, शांत, चिमणाबाईच्या हेलात. “आतनं कोणतरी उठलं. दाराशी आलं. फटीतनं बगितलं. भायेर एक बाई उभी हुती.”

पद्मजाला तो साधा घरगुती शेवट आठवेना. वाऱ्याचं काहीतरी होतं. दार ढकलल्याचं काहीतरी होतं.

“आतल्या बाईनं तिला वळखलं न्हाय,” आवाज म्हणाला. “संपली गोष्ट.”

खाली जिन्यातला दिवा लागला. विमलाकाकू चार पायऱ्या चढून आल्या आणि थांबल्या. दिव्याचा उजेड सरळ पद्मजाच्या तोंडावर पडत होता. काकूंनी तिच्याकडे नीट पाहिलं, दारी आलेल्या परक्या माणसाकडे बघतात तसं.

“कोण पाहिजे तुम्हाला? गुळवणीबाई का? आहेत की घरात, मघाशीच आल्या. जरा जोरात वाजवा.”

काकू, मीच, असं पद्मजाला म्हणायचं होतं. ती म्हणालीही.

“हूं,” तिला स्वतःच्याच तोंडून ऐकू आलं.